नत्र, स्फुरद, पालाश : डायलिसिसचा रिपोर्ट वाचताना

जिंतूरकडचे एक काका आमच्याकडं सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला येतात. पहाटेची एसटी, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा आणि प्लास्टिकच्या कागदात घडी घालून ठेवलेला लॅबचा रिपोर्ट. एकदा सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं, तसा त्यांनी मोकळ्या हातानं रिपोर्ट माझ्यापुढं धरला. "साहेब, निम्म्याच्या वर आकडे काळे छापून आलेत. सगळंच बिघडायलंय की काय?"

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. हा प्रश्न मला महिन्यातून दहा वेळा तरी येतो. लॅबवाले नॉर्मलच्या बाहेर गेलेला आकडा ठळक छापतात, पण त्यांच्या कागदावरची नॉर्मलची पट्टी धडधाकट माणसाची असते. ज्याचं रक्त आठवड्यातून दोन-तीन वेळाच, चार-चार तास धुतलं जातं, त्याला ती पट्टी लावली की अर्धा कागद काळा होणारच. त्यातले काही ठळक आकडे डायलिसिसवाल्याला अगदी शोभणारे असतात आणि साध्या अक्षरात निमूट बसलेला एखादा आकडा काळजीचा असतो.

काका कापूस आणि सोयाबीन घेतात. म्हणून मी उलट विचारलं, "१०:२६:२६ च्या गोणीवरचे तीन आकडे कशाचे असतात?"

"नत्र, स्फुरद, पालाश." विचार न करता उत्तर आलं.

तुमच्या रिपोर्टातही मुख्य हेच तिघं आहेत, म्हटलं. नत्र म्हणजे युरियाची ओळ, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम. पीक हे तिन्ही जमिनीतून उचलतं, आपण ते पीक खातो किंवा ते खाल्लेल्या जनावराचं दूध-मटण खातो, आणि गरजेपुरतं ठेवून उरलेलं किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. गोमूत्र पिकाला मानवतं ते याचमुळं. किडनी थांबली की खत रोज पडत राहतं आणि निचरा बंद होतो. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा काढून दिलेली चारी.

सगळ्यांची नजर मात्र आधी क्रिएटिनिनवर जाते. आमच्याकडं त्याला 'क्रेटिन' म्हणतात. "शेजारच्या बेडवरच्या पोराचं बारा, माझं सात, म्हणजे मी बरा की!" असं नसतं. क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज तयार होतं. अंगात मांस जास्त, जेवण व्यवस्थित, तर डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिनही जास्त दिसतं. पंचविशीतल्या, आजही गोणी उचलणाऱ्या पोराचं बारा आलं तर त्यात नवल नाही. उलट एखाद्या मावशींचं सहा महिन्यांपूर्वीचं नऊ आता पाचवर आलं, लघवी तर वाढलेली नाही, भूक मेली आहे आणि दंडाची बांगडी सैल झाली आहे, तर पेढे वाटायचं कारण नाही. क्रिएटिनिन नव्हे, मावशी उतरतायत. डायलिसिस झाल्यावर हा आकडा निम्म्याच्याही खाली येतो आणि पुढच्या वारीपर्यंत परत चढतो. त्यामुळं 'क्रिएटिनिन उतरवणारा' काढा विकणाऱ्याला माझा एकच प्रश्न असतो : मशीनच्या आधीचा रिपोर्ट दाखवताय की नंतरचा?

तर नत्र. डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांमध्ये नत्र असतं. शरीर ती वापरतं आणि उरलेल्या नत्राचा लिव्हर युरिया करतं. शेतातल्या ४६ टक्केवाल्या गोणीतला युरिया आणि रक्तातला युरिया हे रसायन म्हणून एकच. फ्रीडरिश व्होलर या जर्मन शास्त्रज्ञानं १८२८ मध्ये तो पहिल्यांदा प्रयोगशाळेत बनवला, त्याआधी तो फक्त लघवीतून मिळायचा.

डायलिसिसवाल्यांसाठी युरियाचा खरा उपयोग माप म्हणून आहे. मशीननं रक्त किती धुतलं हे त्यावरून कळतं. एकाच दिवशी सुरुवातीला एक आणि शेवटी एक असं दोनदा रक्त घेतात. समजा आधी युरिया १४० होता आणि नंतर ४९ झाला. म्हणजे १४० मधले ९१ गेले, ६५ टक्के. आठवड्याला तीन डायलिसिस घेणाऱ्यासाठी निदान ६५ टक्के घट व्हायला हवी असं धरतात. काही रिपोर्टांत 'केटी बाय व्ही' असं लिहिलेलं असतं, तेही याच गोष्टीचं जरा नीट केलेलं गणित, आणि ते १.२ च्या वर असावं.

हा आकडा कमी आला की लोक मशीनला दोष देतात. मशीन बिघडू शकतं, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा फिस्टुलातून, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून हातात जोडलेल्या नसेतून, रक्त जोरात येत नसतं, नाहीतर वेळ कापलेला असतो. "साहेब, पंधरा मिनिटं आधी सोडा, गाडी जाईल." वर्षाला १०४ वाऱ्या धरल्या तर ही पंधरा-पंधरा मिनिटं २६ तास होतात. म्हणजे साडेसहा डायलिसिस वर्षभरात बुडवले. आपल्याकडं तर निम्मी मंडळी मुळातच दोनवर भागवतात. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं, त्यामुळं मशीनचा खर्च पूर्वीसारखा अंगावर येत नाही. पण एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या पोराची बुडालेली मजुरी आणि अख्खा दिवस हे कोणत्याच योजनेत बसत नाही. तिसरी वारी तिथं अडते. दोनच घेणाऱ्यानं तर एकही मिनिट सोडू नये.

युरियाचा दुसरा अर्थ लोक साफ उलटा लावतात. डायलिसिसच्या आधीचा युरिया फार कमी आला की घरचे खूश होतात. बऱ्याचदा ते न जेवल्याचं लक्षण असतं. किडनी नुसती कमजोर होती तेव्हा डॉक्टरांनी डाळ-अंडी कमी करायला सांगितलेलं असतं. डायलिसिस सुरू झालं की तो नियम बदलतो, पण घरात जुनाच चालू राहतो. आता किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७० ग्रॅम. नुसत्या भाकरी-भाजीवर एवढी भरत नाहीत. अंड्याचा पांढरा भाग यात सगळ्यात सोयीचा, कारण त्यात प्रथिनं आहेत आणि फॉस्फरस नावाला. पोटात किती गेलं याचा अंदाज रिपोर्टातल्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून येतो. ते चारच्या आसपास हवं. साडेतीनच्या खाली गेलेलं अल्ब्युमिन मला वाढलेल्या क्रिएटिनिनपेक्षा कितीतरी जास्त घाबरवतं. अंगात कुठं इन्फेक्शन असलं तरी ते घसरतं, म्हणून जेवण चांगलं असूनही उतरत असेल तर डॉक्टरांना सांगायचं.

आता पालाश. इथं जरा थांबावं लागेल, कारण बाकीचे आकडे महिन्या-वर्षांनी त्रास देतात, हा एका रात्रीत देतो.

शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम, शंभरातले ९८ भाग, पेशींच्या आत असतं. बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात, सगळं मिळून तीनेक ग्रॅम. आत भरपूर आणि बाहेर थोडं, या फरकावरच स्नायूंची आणि हृदयाची वीज चालते. बाहेरचं वाढलं की फरक कमी होतो आणि ठोक्याची वीज अडखळते. ईसीजीमध्ये आधी एक लाट टोकदार, उंच होते, मग ठोक्याची रेघ रुंद होत जाते, मग हृदय थांबूही शकतं. १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. एकदा मदतनिसानं डिस्टिल्डऐवजी नळाचं पाणी वापरलं आणि हृदय धडधडत राहिलं, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. पोटॅशियम आणि कॅल्शियम हृदयावर एकमेकांना तोलून धरतात हे त्यातून पुढं उलगडत गेलं. दवाखान्यात 'आरएल'ची बाटली लावतात ना, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. पोटॅशियम फार वाढलेल्या पेशंटला आजही डॉक्टर आधी कॅल्शियमचं इंजेक्शन देतात. त्यानं पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला थोडा वेळ आधार मिळतो. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन ते पेशींत ढकलतात, आणि शरीराबाहेर काढायला डायलिसिस.

आकडे असे. डायलिसिसच्या आधी ३.५ ते ५.५ असेल तर ठीक. साडेपाच ते सहा असेल तर खाण्यात कुठं चूक झाली ते शोधायचं. सहाच्या पुढं गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. साडेसहाच्या पुढं असेल तर 'गुरुवारी वारी आहेच की' म्हणत बसायचं नाही, निघायचं. पाय जड होणं, उठताना गुडघ्यातून जोर गेल्यासारखं वाटणं, तोंडाभोवती मुंग्या, नाडी मंद होणं ही लक्षणं. बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, म्हणून लक्षणांवर विसंबता येत नाही.

साडेतीनच्या खालचंही चांगलं नाही. जुलाब-उलट्या झाल्या, चार दिवस जेवण नाही, तर पोटॅशियम घसरतं आणि ठोका तेव्हाही चुकतो. पण आधी रक्त कधी काढलं ते बघा. मशीन संपल्यासंपल्या काढलेल्या रक्तात ३.३ दिसलं म्हणून कुणी शहाळं पाजू नये. पुढच्या काही तासांत पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा आपोआप वर सरकतो.

जमाखर्च मांडू. एका डायलिसिसमध्ये साधारण ३ ग्रॅम पोटॅशियम निघतं. तीन वाऱ्यांचे ९. रोज २ ग्रॅम खाल्लं तर आठवड्याला १४ पोटात जातं. उरलेल्या पाचातला बराच भाग शौचावाटे जातो, कारण किडनी गेल्यावर आतडं जास्त पोटॅशियम टाकायला शिकतं. बाकीचं, लघवी होत असेल तर लघवीत. वाऱ्या दोन असतील तर निघतात ६ च. मग लघवी किती होते आणि पोट साफ होतं का, यावर सगळं येतं. बद्धकोष्ठ असलेल्या पेशंटचं पोटॅशियम वाढतं ते यामुळं. "पोट साफ होतं का?" हा माझा प्रश्न काहींना आगाऊ वाटतो, पण तो पोटॅशियमचाच प्रश्न आहे.

त्यात मोठा गॅप. सोमवार-गुरुवार वारी असेल तर गुरुवार ते सोमवार चार दिवस जातात. सगळ्यात जास्त पोटॅशियम त्या शेवटच्या दिवशी असतं, आणि लग्नं, जावळं, पाहुणचार नेमका शनिवार-रविवारीच येतो. ताटाबाबत हात आखडायचा तर तो तेव्हा.

खाण्याबद्दल एकच भीती सगळीकडं पसरलेली आहे : केळं. केळं सोडलेले, पण रोज शहाळं पिणारे पेशंट मी पाहिलेत. मेच्या उन्हात परभणीत रस्त्यारस्त्यावर शहाळी असतात आणि आजारी माणसाला ते पाजणं हा आपला प्रेमाचा धर्म. एका शहाळ्याच्या पाण्यात साधारण ६०० मिलिग्रॅमच्या पुढंमागं पोटॅशियम असतं, म्हणजे दिवसाच्या हिशोबातला जवळजवळ तिसरा हिस्सा एका दमात, वर पाण्याचा कोटाही गेला. जालन्याच्या मोसंबीचा ग्लासभर रस हा तीन-चार फळांचा असतो. बीडकडचं सीताफळ, केसर आंबा, चिकू, पेरू ही आपल्या भागाची लाडकी फळं, आणि सगळी मोजून खायची. सफरचंद, नासपती, अननस यांच्या दोन-चार फोडी तुलनेनं सुरक्षित. चिंचेत पोटॅशियम भरपूर असतं आणि आपल्या आमटीला तर चिंच लागतेच. आमसूल-चिंचेशिवाय आमटी गळ्याखाली उतरत नाही हे मलाही कबूल आहे, पण लिंबाचे चार थेंब पिळून भागतं.

ज्वारी सोडावी का, असं खूप जण विचारतात. भाकरी सोडून भात खा असा सल्ला कुणीतरी देतं. भातात पोटॅशियम कमी असतं हे खरं, वजनाला वजन ज्वारीत त्याच्या तिप्पट भरेल. पण ज्वारी आणि गहू यांत फार फरक नाही, आणि भाकरी मुळात गुन्हेगार नाही. भाकरीबरोबरची शेंगदाण्याची चटणी, कच्चा टोमॅटो-कांदा, तुरीचं घट्ट वरण आणि पालेभाजी हे मिळून आकडा चढवतात. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला १३०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. वाटीभर वरणात ३० ग्रॅम डाळ धरली तरी ४०० झालं.

यावर उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. पोटॅशियम पाण्यात उतरतं. बटाटा सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की बरंचसं निघून जातं. भाजी आधी चिरून मग कोमट पाण्यात ठेवायची, धुऊन मग चिरण्यात काही मिळत नाही. डाळ कुकरमध्ये घातली की आतलं आतच राहतं. उघड्या पातेल्यात शिजवून पहिलं पाणी टाकलं तर फरक पडतो. पुरणाच्या दिवशी आपण हेच करतो. हरभऱ्याची डाळ शिजवून पाणी गाळून घेतो. मग त्या पाण्याची येळवणी होते, आणि घरातली माऊली "पुरण जड पडंल, तुम्ही येळवणी घ्या" म्हणून डायलिसिसवाल्याच्या ताटात वाटी ओतते. डाळीतून काढलेलं पोटॅशियम असं वाटीत घालून परत दिलं जातं. येळवणी घरच्या बाकीच्यांनी घ्यावी. पुरणही गुळाचं असेल तर गुळात पोटॅशियम भरपूर, साखरेत नाही. ज्यांना शुगर नाही त्यांनी पोळ्याला एखादी साखरेची पोळी खाल्ली तर मी तरी ओरडणार नाही.

उपासाचं तसंच. साबुदाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतं, म्हणजे साबुदाणा बिचारा निर्दोष. त्यात पडणारा मूठभर शेंगदाण्याचा कूट आणि बटाटा मिळून ७०० मिलिग्रॅम सहज होतात. वर रताळं, खजूर, शहाळं. नवरात्रात तुळजापूरला चालत जाऊन आलेल्या घरांतून पुढच्या आठवड्यात ६.८, ७ असे आकडे येतात. आणखी एक : लांब उपाशी राहिलं की शरीरातलं इन्सुलिन कमी होतं आणि पोटॅशियम पेशींत ढकलणारं कुणी राहत नाही. म्हणजे काहीही न खाता कडक उपास केला तरी आकडा चढू शकतो. देवीला हात जोडून सांगावं, ती घरच्या आईसारखीच असते.

मिठाचं मात्र नीट लक्षात ठेवा. बीपीवाल्यांसाठी कमी सोडियमचं मीठ म्हणून जे पाकीट मिळतं, त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. काकांना हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्युरेट ऑफ पोटॅश माहितीय ना? तेच." काका म्हणाले, "आयला, म्हणजे आमची सून आमटीत एमओपी टाकायली!" शेतातली गोणी आणि किराण्यातलं पाकीट यांत शुद्धतेचा फरक आहे, रसायन एकच. सैंधव मिठाला लोक फार औषधी समजतात. ते बहुतांशी साधं मीठच असतं, कमी वापरायचं ते कमीच.

खाण्यात काही सापडलं नाही तर गोळ्यांकडं बघायचं. बीपीच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल, सूज-हृदयासाठीची स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं. त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना दाखवायच्या. मेडिकलमधून सांगून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या मात्र आणायच्याच नाहीत. इन्सुलिन चुकवलं, शुगर भडकली, तरी पोटॅशियम बाहेर येतं.

आणि कधीकधी आकडाच खोटा असतो. पट्टा खूप वेळ करकचून बांधला, 'मूठ उघडा-मिटा' म्हणत राहिले, बारीक सुईनं जोरात ओढलं, की पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं. गावच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त, त्यातलं पाणी (सीरम) पेशींपासून वेगळं न करता, दुपारपर्यंत पडून राहिलं, तरी तेच. फ्रीजमध्ये ठेवलं तर आणखी वाढतं. रिपोर्टाच्या तळाशी 'हिमोलाइझ्ड', म्हणजे नमुन्यातल्या पेशी फुटलेल्या, असं लिहिलेलं असेल तर तो पोटॅशियमचा आकडा धरायचा नाही. पण 'खोटा असेल' असं घरी बसून ठरवायचंही नाही. ईसीजी काढून, पुन्हा रक्त देऊन ठरवायचं. म्हणून मी म्हणतो, महिन्याचं रक्त आमच्याकडंच, मशीन लावायच्या क्षणी घ्या. बाहेर द्यावंच लागलं तर फिस्टुलाच्या हातातून कुणालाही काढू देऊ नका, लॅबवाला ओळखीचा असला तरी.

एक समज सगळ्या सेंटरवर ऐकू येतो : मशीनवर असताना केळं खाल्लं तरी चालतं, धुऊन जातं. खाल्लेलं पचून रक्तात यायला वेळ लागतो. शेवटच्या तासात खाल्लेल्या केळ्याचं पोटॅशियम तुम्ही एसटीत बसल्यावर रक्तात उतरतं.

स्फुरद. फॉस्फरस ३.५ ते ५.५ च्या दरम्यान असावा. हा पोटॅशियमसारखा अचानक घात करत नाही, चोरपावलांनी येतो. अंगाला खाज सुटते, हाडं दुखतात, आणि कॅल्शियमसोबत रक्तवाहिन्यांत जाऊन बसतो. हृदयाच्या नळ्या कडक होतात त्या अशा. डायलिसिसमध्ये तो पुरेसा निघत नाही, चार तास त्याला थोडे पडतात. म्हणून सेव्हेलॅमर, कॅल्शियम ॲसिटेट अशा गोळ्या देतात. त्या जेवणातला फॉस्फरस पोटातच पकडतात. म्हणजे त्या घासाबरोबरच पोटात गेल्या पाहिजेत. रात्री झोपताना सगळ्या गोळ्या एकत्र गिळणाऱ्यांना त्यांचा काहीच उपयोग होत नाही, आणि असे पेशंट मला वाटतं निम्मे तरी असतील. काका ती गोळी आता भाकरीच्या डब्यातच ठेवतात. खाण्यात खवा, पनीर, जास्तीचं दूध आणि त्याहून वाईट म्हणजे काळी कोल्ड्रिंक्स, पाकिटातलं टिकवलेलं खाणं. डाळी-धान्यांतला फॉस्फरस निम्म्याच्या आसपास शोषला जातो, पाकिटात मिसळलेला जवळजवळ सगळा. बसस्टँडवर पोरानं प्रेमानं पाजलेलं ते काळं पाणी म्हणून भाकरीपेक्षा महाग पडतं.

फॉस्फरसची ओळ कॅल्शियम आणि पीटीएच यांच्यासोबत वाचायची. पीटीएच हे हार्मोन गळ्यातल्या छोट्या ग्रंथींतून येतं आणि हाडांतून कॅल्शियम काढतं. धडधाकट माणसात ६५ पर्यंत असतं. डायलिसिसवाल्याला त्याच्या दोन ते नऊ पट चालतं, त्यामुळं ३०० बघून कुणी घाबरू नये. पण ते प्रत्येक वेळी वाढतच चाललं असेल तर औषध बदलावं लागतं. कॅल्शियम बघताना अल्ब्युमिनही बघा, ते कमी असेल तर कॅल्शियमही खोटं कमी दिसतं.

हिमोग्लोबिनचं ध्येय १० ते साडेअकरा. तेरा-चौदा हवं म्हणून हट्ट करू नका, इंजेक्शनं देऊन तेवढं वर नेलं तर रक्ताच्या गुठळ्यांचा, लकव्याचा धोका वाढतो. रक्त वाढवणारं हे एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांतच टिकतं. मेडिकलमधून घेऊन उन्हात मोटरसायकलच्या डिकीत दोन तास आणलेलं इंजेक्शन टोचलं काय आणि न टोचलं काय. बर्फाचा थर्मास लागतोच. इंजेक्शन नीट असूनही रक्त वाढेना तर लोह तपासतात. किडनी बदलायचा विचार असेल तर किरकोळ कारणासाठी रक्ताची बाटली लावून घेऊ नका, त्यानं पुढं जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

शुगरवाल्यांसाठी एवढंच : तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीए१सी चाचणी डायलिसिसमध्ये फसवते. तांबड्या पेशी कमी दिवस जगतात, म्हणून शुगर आहे त्यापेक्षा कमी दिसते. घरच्या मशीनवर बोट टोचून लिहिलेले आकडे जास्त खरे.

आणि सोडियम. रिपोर्टात ते थोडं कमी आलं की लोक मीठ वाढवतात. बहुतेकदा मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. दोन वाऱ्यांत वजन दोन-अडीच किलोच्या वर चढलं की मशीनवर पाणी ओढताना बीपी पडतं, पायात गोळे येतात. मेमध्ये पारा ४४ ला गेल्यावर तहान मारायला सांगणं मलाही जिवावर येतं. पण तहानेची किल्ली पाण्यात नसून लोणचं, पापड आणि ठेच्यातल्या मिठात आहे.

काकांनी आता एक वही केली आहे. पुढच्या पानांवर बियाणं, खत, फवारणीचा हिशोब आणि वही उलटी करून मागच्या बाजूनं नत्र, स्फुरद, पालाश असे तीन रकाने, चौथा हिमोग्लोबिन आणि पाचवा वजन. रक्त मशीनच्या आधीचं की नंतरचं, तेही कोपऱ्यात लिहितात. जानेवारीच्या पानावर पालाश ५.१ आहे, त्याआधी नोव्हेंबरात ६.४ होतं. जानेवारीतल्या त्या गुरुवारी मशीन सुरू झाल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, हुरडा आलाय. पुढच्या वारीला आणू का? माझ्यापुरता नाही, सगळ्यांपुरता."

"मूठभर तुम्हीपण खा," म्हटलं. "शेंगदाण्याची चटणी अन् गूळ घरीच ठेवा."

"मग कशासंगं खायचा?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पलीकडच्या बेडवरून एक मावशी म्हणाल्या, "लिंबू पिळा अन् खा की गुमान."